पंधरा व्हायलचं गणित

हिंजवडी फेज टूमधल्या कंपन्यांच्या पत्त्यात 'आयटी-बीटी पार्क' असं लिहिलेलं असतं. त्यातलं आयटी म्हणजे आपण सगळे. सकाळी दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून येणारे आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास बसून जाणारे. पण बीटी म्हणजे कोण, हे जरा कँटीनमध्ये विचारून बघा. दहातले आठ जण "बायो... काहीतरी" म्हणतील आणि चहा घेऊन वळतील. ते 'काहीतरी' आपल्यापासून हाकेच्या अंतरावर चालू असतं. एमक्युअरच्या घराण्यातली जिनोव्हा ही कंपनी याच फेज टूमध्ये आहे. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज नावाचं इंजेक्शन ती बनवते. हे औषध दोन रसायनं एकत्र उकळून होत नाही. ते जिवंत पेशींकडून बनवून घ्यावं लागतं.

आता यात काय विशेष, असं वाटेल. मलाही या विषयाशी काही देणंघेणं नव्हतं. पण या एका फरकापायी आमच्या घरात दोन एकर रान विकायला काढायची वेळ आली होती. आजचं शनिवारपुराण त्याबद्दल. नमनालाच घडाभर तेल झालं, तेव्हा मुद्द्यावर येतो.

माझं आजोळ वैरागचं. बार्शीहून सोलापूरला जाताना लागतं ते वैराग. तिथे मामांचं मेडिकल आहे, तीसेक वर्षं झाली. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या काउंटरमागे स्टुलावर बसून असायचो, त्यामुळे औषधांची नावं मला क्रिकेटपटूंच्या नावांइतकीच पाठ होती. जेनेरिक हा शब्दही मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. गंमत म्हणजे पेपरातलं जेनेरिक आणि दुकानातलं जेनेरिक एकच नव्हे. पेपरात जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध. दुकानात 'एथिकल' म्हणजे ज्या ब्रँडसाठी एमआर डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभा असतो ते, आणि 'जेनेरिक' म्हणजे ज्याच्यासाठी कुणीच उभं राहत नाही, जे स्टॉकिस्टकडून थेट येतं आणि ज्यात दुकानदाराला मार्जिन मोठं असतं ते. पेपराच्या व्याख्येने बघितलं तर मामांच्या दुकानातलं जवळजवळ सगळंच जेनेरिक!

गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, हे लई महाग पडतंय, दुसऱ्या कंपनीचं द्या की." दुकानदाराला चिठ्ठीतलं औषध परस्पर बदलता येत नाही, म्हणून मामा डॉक्टरांना फोन लावायचे, विचारायचे आणि मग स्वस्तातली स्ट्रिप काढून द्यायचे. मला म्हणायचे, "मीठ ते मीठ. टाटाचं घे नाहीतर कुणाचं घे, भाजी खारटच होणार."

गोळ्यांच्या बाबतीत मामांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन घ्या. तिच्या रेणूत मोजून २० अणू: चार कार्बन, अकरा हायड्रोजन, पाच नायट्रोजन. हे वीस अणू कुठला कुणाला जोडलेला आहे हे कागदावर काढता येतं, आणि मशीनमध्ये घालून तपासताही येतं. कारखाना जर्मनीत असो की कुरकुंभला, रेणू तोच. म्हणून नक्कल करणाऱ्या कंपनीला औषध काम करतं का हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागत नाही. माल शुद्ध आहे हे दाखवायचं, दोन-तीन डझन निरोगी माणसांना गोळी देऊन ती मूळ गोळीइतकीच आणि तेवढ्याच वेगाने रक्तात उतरते हे दाखवायचं, झालं. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने हा आखूड रस्ता मोकळा केला.

आपल्याकडे त्याच्याही आधी पाया घातला गेला होता. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंटच मिळत नसे, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर मिळे. पद्धत बदला आणि तोच रेणू बनवा, सगळं कायदेशीर. २००५ मध्ये रेणूवरचं पेटंट परत आलं, पण तोवर आपले केमिस्ट या कामात पटाईत झाले होते. पुण्याहून वैरागला जाताना कुरकुंभची एमआयडीसी लागते. त्या टाक्या आणि पाइपांच्या जंगलात सिप्लाचाही कारखाना आहे. याच सिप्लाने, मुंबईच्या कंपनीने, २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्याच उपचारांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता.

दुसरं उदाहरण तर मामांचं लाडकं. मार्च २०१२ मध्ये मुंबईत बसणाऱ्या पेटंट महानियंत्रकांनी बायरच्या सोराफेनिब या लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरवरच्या गोळीसाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. बायरची किंमत महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. नॅटकोची ठरली ८,८८०. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव रुपये गेले, तीन राहिले! केमिस्ट मंडळींच्या गप्पांत हा आकडा वर्षभर फिरत होता.

आता २०१४. दिवाळी नुकतीच झाली होती. मामींच्या छातीत गाठ लागली, बायोप्सी झाली आणि रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह' असं आलं.

इथे थोडं बार्शीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात कॅन्सर हा शब्द लोकांना नवा नाही. बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारी देशातली पहिली रजिस्ट्री १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कुठला कॅन्सर झाला हे नोंदवणारी माणसं गावोगाव फिरत. म्हणजे वैराग आणि आसपासच्या बायकांची गाठ निदान कुणीतरी मोजत होतं. मोजलं म्हणजे औषध परवडलं असं मात्र होत नाही.

हर-टू हा पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात किंवा त्याहून थोड्या कमी रुग्णांत तो फार जास्त प्रमाणात असतो आणि पेशीला 'वाढ, वाढ' असं सतत सांगत राहतो. ट्रास्टुझुमॅब नावाची अँटिबॉडी त्याच्यावर जाऊन बसते. रोशची हर्सेप्टिन ती हीच, अमेरिकेत १९९८ पासून. हे औषध येण्याआधी हर-टू पॉझिटिव्ह हा वाईट शब्द होता. औषध आलं आणि डॉक्टर हाच शब्द उच्चारताना थोडे आशेने बोलायला लागले. अर्थात औषध मिळालं तर.

डॉक्टरांनी वर्षभराचा कोर्स सांगितला, दर तीन आठवड्यांनी एक असे अठरा डोस. मामी बरोबर साठ किलोच्या. मामांनी जुन्या बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ४८०. पुढचे सतरा किलोमागे ६, म्हणजे प्रत्येकी ३६०. एकूण ६,६०० मिलिग्रॅम. व्हायल ४४० ची. उरलेलं औषध नीट थंड ठेवून पुढच्या डोसला वापरलं, तर बरोबर पंधरा व्हायल.

किंमत? एकेकाळी भारतात हर्सेप्टिनची व्हायल लाखाच्या वर होती. २०१२ मध्ये रोशने पुण्याच्या एमक्युअरशी करार करून तेच औषध वेगळ्या नावाने पाऊण लाखाच्या आसपास आणलं. २०१३ मध्ये रोशने भारतातल्या पेटंटवरचा हक्क सोडून दिला, आणि २०१४ च्या सुरुवातीला बंगळूरच्या बायोकॉनने कॅनमॅब हे आपलं औषध बाजारात आणलं: ४४० मिलिग्रॅमला ५७,५०० रुपये. पंधरा गुणिले साडेसत्तावन्न हजार. आठ लाख बासष्ट हजार पाचशे.

त्या रात्री मामांचा फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला हायेस, शोधून सांग मला. पेटंट सुटलंय. दुसरी कंपनी आलीय. मग पंचाहत्तरचं सत्तावन्न का? पाच का नाही? त्या लिव्हरच्या गोळीसारखं का नाही झालं?"

मी म्हटलं, "मामा, बघून सांगतो." पुढचे तीन वीकेंड तेच वाचत होतो. जे कळलं ते मामांना सांगितलं, तेच इथे मांडतो.

पहिली गोष्ट आकाराची. मेटफॉर्मिनमध्ये २० अणू. ट्रास्टुझुमॅबमध्ये वीस हजारांहून जास्त. तेराशेहून अधिक अमिनो आम्लांची साखळी, चार तुकड्यांत, विशिष्ट पद्धतीने घडी पडलेली, आणि वर साखरेच्या रेणूंच्या छोट्या फांद्या चिकटवलेल्या. घडी चुकली तर औषध निकामी. फांदी वेगळी लागली तर परिणाम कमी-जास्त.

दुसरी गोष्ट बनवण्याची. हे असलं प्रकरण कुठल्याही प्रयोगशाळेत अणू जोडत जोडत बनवता येत नाही. ते बनवतात पेशी. चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजकोशातून काढलेल्या पेशींची एक वंशावळ आहे, तिच्यात आपल्याला हव्या त्या प्रथिनाचा जीन घालायचा. मग स्टीलच्या मोठ्या टाकीत ठरावीक तापमान, ठरावीक ऑक्सिजन, ठरावीक खाद्य देऊन त्या पेशी वाढवायच्या. त्या जे प्रथिन बाहेर टाकतात ते गाळून, धुऊन, शुद्ध करून व्हायलमध्ये भरायचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर अमिनो आम्लांचा क्रम हा सोर्स कोड. तो पेटंटमध्ये छापलेला असतो, कुणीही वाचावा. पण कंपायलर कुठला, बिल्ड सर्व्हर कसा सेट केला, कुठले फ्लॅग लावले, हे कंपनीच्या तिजोरीत. पेटंट संपलं तरी मूळ कंपनी आपली पेशींची वंशावळ कुणाला देत नाही, द्यायचं बंधनही नाही. नक्कल करणाऱ्याने बाजारातून व्हायल विकत आणायच्या, आतलं बायनरी शेकडो अंगांनी तपासायचं आणि आपल्या बिल्डमधून तेच बाहेर पडेपर्यंत खटपट करत राहायचं. ज्यांनी डॉक्युमेंटेशन नसलेली जुनी सिस्टिम पुन्हा लिहिली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाकीच्यांना शुभेच्छा :-)

मामांना हे उदाहरण अर्थातच लागू पडलं नसतं. त्यांना मी ज्वारीचं सांगितलं. मालदांडीचं तेच बी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरलं आणि आमच्या बार्शीकडच्या मुरमाड तुकड्यात पेरलं, तर दोन्हीकडे ज्वारीच येते. पण कणीस तेच नाही, आणि भाकरी तर नाहीच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगीच नाही. मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हंजे हे मीठ नव्हं, पीक हाय."

हो, पीकच.

पण इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण मूळ औषधवाल्या कंपन्या ती हळूच गाळतात. पीक हे मूळ कंपनीचंही पीकच असतं. दर हंगामाला थोडं बदलतं. रोशच्याच हर्सेप्टिनच्या काही बॅचेसमध्ये त्या साखरेच्या फांद्यांचं प्रमाण आणि पेशी मारण्याची क्षमता सरकलेली होती, हे सॅमसंग बायोएपिसच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे नक्कल 'हुबेहूब' हवी अशी अट घातली, तर त्या अटीत मूळ औषधाच्या काही बॅचेसही नापास होतील.

उलट बाजूही तितकीच खरी. १९९८ मध्ये एप्रेक्स या किडनीच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी देतात त्या इंजेक्शनमध्ये एक छोटा बदल झाला. औषध टिकवण्यासाठी त्यात मानवी अल्ब्युमिन असायचं, ते काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं. मुख्य औषध तेच, कंपनी तीच. पुढच्या काही वर्षांत दीडशेहून जास्त रुग्णांच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या. त्या अँटिबॉडींनी शरीरातलं स्वतःचं एरिथ्रोपोएटिनही निकामी केलं आणि लाल पेशी बनणंच थांबलं. संशयाची सुई गेली सिरिंजच्या रबरी बुचापर्यंत, नव्या द्रावणामुळे त्यातून काही झिरपत असावं म्हणून. कोडची एक ओळ न बदलता, एका लायब्ररीची आवृत्ती बदलली म्हणून प्रॉडक्शन कोसळावं, तसा प्रकार. फक्त इथे रोलबॅक करता येत नाही.

म्हणून कायदा या नकलांना जेनेरिक म्हणतच नाही. युरोपात आणि अमेरिकेत शब्द आहे बायोसिमिलर, आपल्याकडच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सिमिलर बायोलॉजिक'. 'तेच' नव्हे, 'त्यासारखं'. युरोपने पहिलं बायोसिमिलर २००६ मध्ये मान्य केलं, ओम्निट्रोप हे वाढीचं हार्मोन. अमेरिकेने कायदा २०१० मध्ये केला आणि पहिलं औषध आलं २०१५ मध्ये. त्यासारखं आहे हे सिद्ध करायला आधी प्रयोगशाळेत शेकडो तुलना, मग प्राण्यांवर, मग माणसांवर, आणि बऱ्याचदा शेकडो रुग्णांवर मूळ औषधाशी समोरासमोर चाचणी.

यालाच पैसा लागतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ च्या अहवालात हिशेब दिला होता. साधं जेनेरिक बाजारात आणायला ३ ते ५ वर्षं आणि १० ते ५० लाख डॉलर. बायोसिमिलरला ८ ते १० वर्षं आणि १० ते २० कोटी डॉलर. म्हणजे वर्षं दुप्पट आणि पैसे चाळीस-शंभर पट. एवढे पैसे घेऊन मैदानात उतरणाऱ्या कंपन्या दहा-वीस नसतात, दोन-तीन असतात. त्यामुळे किंमत १० ते ३० टक्केच उतरेल, असा त्या अहवालाचा अंदाज होता. पंचाहत्तरचे साडेसत्तावन्न म्हणजे किती टक्के उतरले? साधारण तेवीस. मामांच्या बिलामागचं गणित वॉशिंग्टनमध्ये पाच वर्षं आधीच करून ठेवलेलं होतं!

त्यातच कोर्टकचेरी. फेब्रुवारी २०१४ मध्ये रोशने दिल्ली उच्च न्यायालयात बायोकॉन, मायलन आणि औषध महानियंत्रकांवर दावा लावला. नीट चाचण्या न करता हे औषध आमच्या औषधाचं बायोसिमिलर म्हणून विकलं जातंय, असं रोशचं म्हणणं. २०१७ मध्ये उलट दिशेने, रोश आपल्या वर्चस्वाचा गैरवापर करते का याची चौकशी करायचा आदेश स्पर्धा आयोगाने दिला. दोन्ही बाजूंचे वकील तगडे. मध्ये रुग्ण.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तुझ्या मामीला कुठलं देऊ?"

हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर नव्हतं. भारतातल्या परवानगीसाठी झालेली चाचणी लहान होती. कोर्टात तिच्यावरच बोट ठेवलं जात होतं. मूळ औषधाच्या पंधरा व्हायल म्हणजे सव्वाअकरा लाख. फरक दोन लाख बासष्ट हजारांचा. एवढ्या पैशात रान विकायचं की नाही हे ठरणार होतं. मामांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अर्धवट घेतलेल्या ओरिजिनलपेक्षा पूर्ण घेतलेलं सिमिलर मी कधीही पसंत करीन." आणि पुढे, "एक मात्र करा. जे सुरू कराल तेच शेवटपर्यंत. आणि प्रत्येक वेळी बॅच नंबर फाईलला लावा."

मामींनी पंधरा व्हायल पूर्ण केल्या. दर काही डोसांनी हृदयाची टूडी एको, कारण या औषधाने हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. पतसंस्थेचं कर्ज झालं, मी आणि दादाने आपापला वाटा उचलला, रान राहिलं. मामी आज ठणठणीत आहेत आणि पौष-माघात हुरड्याला न गेल्यास रीतसर भांडतात. पण डे केअरमध्ये मामींच्या शेजारच्या खुर्चीवर भूम तालुक्यातल्या एक बाई असायच्या. साध्या केमोपर्यंत त्या सोबत होत्या. रिपोर्ट मामींसारखाच. अँटिबॉडीचे डोस सुरू झाले तेव्हा ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. त्यांच्या नवऱ्याने मामांना सांगितलं होतं, "एकाच इंजेक्शनात बैलजोडी जातीय, अठरा कुठनं आणू?"

मामींच्या औषधाचं पुढे काय झालं ते सांगतो. बायोकॉन आणि मायलन यांनी त्या ट्रास्टुझुमॅबची सुमारे ५०० रुग्णांवर मूळ हर्सेप्टिनशी समोरासमोर तुलना केली. निकाल आला: गाठ लहान होणाऱ्यांचं प्रमाण एकीकडे ६९.६ टक्के, दुसरीकडे ६४. संख्याशास्त्राच्या हिशेबाने बरोबरीत. (६९.६ आपल्यावालं!) डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते मान्य केलं. अमेरिकेतलं ते ट्रास्टुझुमॅबचं पहिलं बायोसिमिलर. मामींची शेवटची व्हायल त्याच्या दोन वर्षं आधी संपली होती.

दरम्यान २०१५ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ट्रास्टुझुमॅब आलं, त्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा आली. झायडस आली, नवी मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आली, आणखीही आल्या. किंमत उतरली. पण ती टप्प्याटप्प्याने, वर्षांच्या हिशेबाने उतरली. सोराफेनिबसारखी एका सहीने नाही. आणि भूमच्या बाईंना ती वर्षं नव्हती.

माझ्या मते सगळा पेच इथे आहे. गोळीच्या बाबतीत महाग असतं ते पेटंट. ते हटवलं की किंमत कोसळते, कारण गोळी 'तीच' आहे हे सिद्ध करणं स्वस्त आहे. बायोलॉजिकमध्ये पेटंट हटलं तरी पुरावा महाग राहतो. म्हणून "पेटंट तोडा, औषध स्वस्त होईल" ही घोषणा इथे अर्धीच लागू पडते. उरलेलं अर्धं काम पुरावा स्वस्त करण्याचं आहे, आणि तेही तो पोकळ होऊ न देता.

हे होऊ शकतं का? होताना दिसतंय. रेणू तपासायची यंत्रं वीस वर्षांत इतकी सुधारली आहेत की जे फरक तेव्हा रुग्णांवर चाचणी करूनही दिसले नसते, ते आज प्रयोगशाळेतच दिसतात. ब्रिटनने २०२१ मध्ये बहुतेक बायोसिमिलरसाठी ती मोठी तुलनात्मक रुग्णचाचणी आवश्यक नाही असं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही त्याच दिशेचा मसुदा काढला. काही लोकांना यात घाई दिसते. एप्रेक्सची गोष्ट वाचल्यावर ती भीती मला खोटी वाटत नाही. पण चाचणीच्या नावाखाली आठ वर्षं जातात तेव्हा त्याचीही किंमत कुणीतरी देतंच, फक्त ती कुठल्या रजिस्ट्रीत 'चाचणीमुळे' म्हणून लिहिली जात नाही. माझं पारडं त्यामुळे यंत्रांच्या बाजूने झुकतं. आधी कसून मोजा, परवानगी लवकर द्या, आणि दिल्यानंतर लक्ष ठेवा. आपल्या धंद्यातही टेस्टिंग कितीही केलं तरी रिलीजनंतर मॉनिटरिंग लागतंच ना.

आणि ते मॉनिटरिंग कुठल्याही दिल्लीतल्या कार्यालयापेक्षा आधी वैरागमध्ये होतं. मामांच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये आज सर्वांत जास्त जागा इन्सुलिनने व्यापलेली आहे. इन्सुलिन हेही पेशींकडूनच बनवून घेतलेलं औषध, फक्त छोटं, ५१ अमिनो आम्लांचं, साखरेच्या फांद्या नसलेलं, त्यामुळे नक्कल करायला त्यातल्या त्यात सोपं. वोक्हार्टने औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) बनवलेलं मानवी इन्सुलिन २००३ मध्येच बाजारात आलं होतं. बायोकॉनच्या ग्लार्जिन इन्सुलिनला तर २०२१ मध्ये अमेरिकेने 'दुकानदाराने परस्पर बदलून दिलं तरी चालेल' असा दर्जा दिला. स्वस्तातलं इन्सुलिन मागणाऱ्याला मामा आजही नाही म्हणत नाहीत, डॉक्टरांना विचारून देतात. पण आता त्या प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर बॉलपेनने तीन गोष्टी लिहितात: ब्रँड, बॅच नंबर, तारीख. आणि वर बजावतात, "शुगर उगाच वर-खाली झाली, अंगावर पुरळ आलं, तर हे कार्ड घेऊन यायचं. रिकामी व्हायल टाकायची न्हाई."

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, संधिवाताची किंवा कॅन्सरची इंजेक्शनं चालू असतील, तर एवढं आजच करा. फ्रिज उघडा, खोका बघा, ब्रँड आणि बॅच नंबर कुठेतरी लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारपर्यंत थांबू नका, सोमवारी पुन्हा हिंजवडीचं ट्रॅफिक आहे.